दार एका गावात, चूल दुसऱ्या गावात

वकील लोकांना कसला नाद नसतो असं ज्याला वाटतं, त्याला शनिवारी दुपारी आमच्या बार रूममध्ये आणून बसवावं. दुपारची सुट्टी झाली की निम्मे काळे कोट तिथे गोळा होतात, डबे टेबलावर येतात, पण झाकण कुणी उघडत नाही. आधी खेळ. या खेळाला नाव नाही. "आज काकांचं आहे ना?" एवढंच आम्ही एकमेकांना विचारतो आणि असेल तर समोरच्या वकिलाला पुढची तारीख देऊन पळत सुटतो.

काका म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने वकील. वय पंचाहत्तरीच्या पुढे, कामं आता बोटावर मोजण्याइतकी, पण कोटाची इस्त्री कधी मोडलेली नाही आणि आवाज असा की शेजारच्या कोर्टातला साक्षीदार दचकून खरं बोलायला लागेल. उच्च न्यायालयाने आठवडाभरात दिलेल्या निकालांपैकी तीन ते आम्हाला वाचून दाखवतात. एक दिवाणी, एक फौजदारी आणि एक नोकरीचा नाहीतर सरकारी कारभाराचा. निवड ग्रंथालयाच्या बाई करतात. त्या सकाळीच निकाल छापतात, पहिल्या पानावरच्या नावांवर कोरा कागद चिकटवतात आणि शेवटची पानं टाचणी मारून बंद करतात. म्हणजे भांडण कुणाचं हे काकांनाही ठाऊक नसतं आणि जिंकलं कोण हेही. ते इंग्रजी वाचत वाचत जागच्या जागी मराठी करत जातात, मधेच पाणी पितात, मधेच न्यायमूर्तींच्या स्वल्पविरामांना नावं ठेवतात आणि टाचणीपाशी येऊन थांबतात.

मग आम्ही. प्रत्येकाने चिठ्ठीवर ‘मंजूर’ किंवा ‘फेटाळलं’ एवढंच लिहायचं आणि खाली सही करायची. ज्या बाजूला चिठ्ठ्या कमी, त्या बाजूच्यांनी उभं राहून आपलं कारण सांगायचं. त्यानंतर टाचणी निघते. अंदाज चुकला तर पुढच्या शनिवारी सगळ्यांसाठी घरून काहीतरी करून आणायचं. विकतचं चालत नाही. एका सरकारी वकिलांनी एकदा दुकानातली कचोरी घरच्या डब्यात भरून आणली होती. काकांनी एकच घास खाल्ला आणि पुरावा बनावट असल्याचं जाहीर केलं.

माझं वकिलीचं चौथं वर्ष. पहिल्या वर्षी मी इतक्या वेळा चुकले की पंचवटीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत शुक्रवारपासूनच साबुदाणा भिजत पडलेला असायचा. पण खरं सांगायचं तर कॉलेजात पाच वर्षांत जो कायदा डोक्यात गेला नाही, तो मला या खेळाने शिकवला. आणि हसायला शिकवलं. द्राक्षांच्या चोरीचा तो निकाल मी कधी विसरणार नाही. कुणीतरी क्रेट चोरले, पोलिसांनी टेम्पोसकट जप्त केले, मुद्देमाल नाशवंत म्हणून तिथल्या तिथे त्याची विल्हेवाट लावली आणि खटला उभा राहिला तेव्हा पुराव्यात उरले होते रिकामे क्रेट. खालच्या कोर्टाने शिक्षा दिली होती. "जप्त द्राक्षे हीच फिर्यादीची द्राक्षे होती हे शाबीत झालेले नाही," हे वाक्य काकांनी एवढ्या गांभीर्याने वाचलं की निफाडचे एक वकील, ज्यांची स्वतःची चार एकर बाग आहे, खुर्चीवरून घसरले. "अहो, ओळख परेड घ्यायला पाहिजे होती घडांची!" असं ते बराच वेळ म्हणत राहिले.

दोन भावांच्या खिडकीचाही एक निकाल होता. थोरल्याची खिडकी धाकट्याच्या अंगणात उघडते म्हणून दावा, मग अपील, मग दुसरं अपील. वरच्या कोर्टाच्या लक्षात आलं की ती भिंत कधीच पडून गेलीय, खिडकी उरलीच नाही आणि दोघांपैकी एकानेही हे कोर्टाला सांगितलेलं नाही. दोघांना बहुतेक खिडकीपेक्षा तारखेला भेटायची जास्त सवय झाली असावी. त्या दिवशी सगळेच चुकलो होतो आणि पुढच्या शनिवारी बार रूममध्ये लग्नाचं जेवण असल्यासारखे डबे आले होते.

आता आईबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझी आई अंगणवाडी सेविका. चांदवड आणि पिंपळगाव बसवंतच्या मधे, हायवे सोडून आत गेलं की आमचं गाव लागतं. त्या गावात पंचवीसेक वर्षं तिने पोरं सांभाळली, त्यांची वजनं केली, गरोदर बायकांच्या मागे लागून त्यांना गोळ्या खायला घातल्या. गावातली निम्मी तरुण मंडळी तिला अजून ‘बाई’ म्हणतात आणि ती त्यांना भर चौकात नाक पुसायला सांगते. मग कधीतरी सरकारने आमच्या गावाच्या दोन ग्रामपंचायती केल्या. हद्द आखली ती जुन्या गाडीवाटेवरून. गाडीवाट कधीची बुजलेली. आमच्या घराला वडिलांनी मागच्या बाजूने एकेक खोली जोडत नेली होती आणि ती नेमकी त्या बुजलेल्या वाटेवर चढलेली होती. झालं असं, की आईची अंगणवाडी, घराचं दार आणि ओसरी जुन्या गावात राहिली आणि चूल नव्या गावात गेली. मधल्या खोलीचे तर सरळ दोन तुकडे झाले.

आम्ही घरात यावर वर्षभर हसलो. वडील जेवायला बसले की म्हणायचे, "जरा परगावी जाऊन भाकरी आण." आई उन्हाळ्यात ओसरीवर झोपायची आणि थंडीत चुलीपाशी, म्हणजे ऋतूप्रमाणे तिचं गाव बदलायचं.

हसणं थांबलं, कारण तक्रार झाली. अंगणवाडी सेविका त्याच गावची रहिवासी पाहिजे असा नियम आहे. ही बाई शेजारच्या गावात राहते, असा अर्ज कुणीतरी दिला. कुणी दिला ते सगळ्या गावाला माहीत आहे आणि कशासाठी तेही, पण त्यांच्या सुनेला नोकरी मिळाली नाहीच, त्यामुळे ते राहू दे. एक दिवस साहेब आले, सोबत दोन पंच आणि एक टेप. घर मोजायला सुरुवात झाली. आता दारात आलेली माणसं उन्हात उभी आहेत म्हटल्यावर आमची आई काय करणार? तिने त्यांना आत नेलं, थेट चुलीपाशी, कारण तिथे गार असतं. पोहे केले. वर चहा. साहेबांनी पोह्यांना नावाजलं, दुसऱ्यांदा घेतले आणि तिथेच बसून पंचनामा लिहिला, की सदर बाईंचा स्वयंपाक, बैठक व पाहुण्यांची ऊठबस शेजारील ग्रामपंचायतीच्या हद्दीत असल्याचे आम्ही पंचांनी समक्ष अनुभवले.

समक्ष अनुभवले! तो कागद मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझं डोकं असं फिरलं की मी आईवरच ओरडले. "पोहे ओसरीवर दिले असते तर काय बिघडलं असतं?" ती म्हणाली, "ऊन व्हतं ना गं."

आईची सेवा संपवली गेली. वरच्या साहेबांकडे दाद मागितली, तिथेही नकार. उच्च न्यायालयात जायचं का, हे तिने मला विचारलं, वकील लेक म्हणून. मी नियम वाचला, पंचनामा वाचला आणि सांगितलं, "आई, केस कच्ची आहे. नको पडूस यात." ती हो म्हणाली आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईचा वकील गाठला. मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. नंतर बोलायला लागले, पण केसचं नाव काढलं नाही. तिच्या याचिकेचा नंबर मात्र मला पाठ होता, लोकांना आपली रास पाठ असते तसा. रोज सकाळी उठल्यावर मी मोबाईलवर तो नंबर टाकायचे आणि रोज सकाळी तिथे तेच असायचं. शेवटी सुनावणी झाली, निकाल राखून ठेवला आणि पुन्हा सगळं शांत.

तो शनिवार फेब्रुवारीतला. सकाळी नदीवरून येताना कानटोपी घालावी लागली होती आणि दुपारी कोटात उकडत होतं. आदल्या दिवशी माझा मॅडमशी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी काम करते त्यांच्याशी, एका अर्जाच्या मसुद्यावरून खटका उडाला होता, त्यामुळे सकाळी मोबाईल पाहायचंच राहिलं. दुपारी खेळाला जाऊन बसले. मॅडम शेजारीच. काकांनी दिवाणी वाचला, माझं बरोबर आलं. फौजदारी वाचला, तेही बरोबर. मी इतकी खुशीत होते की मॅडमना कोपर मारून म्हटलं, "पुढच्या शनिवारी तुम्ही डबा आणणार."

काकांनी तिसरा निकाल उचलला. "याचिकाकर्ती ही अंगणवाडी सेविका आहे."

अंगणवाड्यांचे निकाल बरेच येतात. मी जागची हलले नाही. "ती सेवेत असताना गावाचे विभाजन होऊन दोन ग्रामपंचायती अस्तित्वात आल्या." हेही बऱ्याच ठिकाणी होतं. मग काका थांबले, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला आणि म्हणाले, "मंडळी, हे ऐका. हिचं दार एका गावात आणि चूल दुसऱ्या गावात आहे."

बार रूम खदखदून हसली. सवयीने मीही हसले. अर्धा क्षण खरोखर हसले. मग कळलं, ती चूल आमची आहे.

पुढचं सगळं मला फार हळू घडल्यासारखं आठवतं. काका पंचनामा वाचत होते. पोह्यांपाशी आले तेव्हा त्यांना स्वतःलाच हसू फुटलं. "पाहुण्यांची ऊठबस आम्ही समक्ष अनुभवली," हे त्यांनी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा टाळ्या पडल्या. निफाडचे द्राक्षवाले वकील डोळे पुसत होते. कुणीतरी ओरडलं, "पोहे मुद्देमालात जमा केले का?" खाट थंडीत कुठे आणि उन्हाळ्यात कुठे, हेही कोर्टाने नोंदवलेलं होतं. माझ्या आईची खाट! एकोणीस वकील तिच्यावर चर्चा करत होते. मला ओरडून सांगायचं होतं की थांबा, हे माझं घर आहे. मोबाईल टेबलावर होता, नंबर टाकला असता तर निकाल एका मिनिटात कळला असता. मी तो उपडा घातला.

काका टाचणीपाशी आले. ग्रंथालयाच्या बाईंनी चिठ्ठ्या वाटल्या.

मी काय लिहिलं ते सांगते, लपवत नाही. मी लिहिलं, ‘फेटाळलं’. वकील म्हणून लिहिलं असं मी त्यानंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. खरं कारण भीती. मंजूर लिहावं आणि टाचणी निघाल्यावर ते खोटं ठरावं, तेही या माणसांच्या हसण्यात, हे मला सहनच झालं नसतं. फेटाळलं लिहून ठेवलं की निदान धक्का तरी बसणार नव्हता. सही करताना पेन कागदातून आरपार गेलं.

बाईंनी चिठ्ठ्या उघडल्या. एकोणीसपैकी सोळा मंजूर. मी त्या सोळा जणांकडे पाहतच राहिले. यांच्यातल्या कुणीही माझ्या आईला पाहिलेलं नव्हतं, तिचं नावही त्यांना माहीत नव्हतं. फेटाळलं म्हणणारे तीन. एक ते कचोरीवाले सरकारी वकील, जे सरकार हरेल असं लिहायला हातच उचलत नाहीत. दुसरे एक नेहमी उलटं लिहिणारे, केवळ उभं राहून बोलायला मिळावं म्हणून. तिसरी मी.

"कारणं," काका म्हणाले.

पहिले दोघे काय बोलले ते मी ऐकलं नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी उभी राहिले. मला वाटलं होतं तोंडातून शब्द फुटणार नाही. पण कसलं काय! चार वर्षांच्या वकिलीत मी इतकी मुद्देसूद कधी बोलले नव्हते. म्हटलं, "नियमाची भाषा स्पष्ट आहे. रहिवासी म्हणजे जिथे माणूस शिजवतो, जेवतो, झोपतो तिथला. दार ही फक्त ये-जा करायची जागा. उद्या कुणी नुसतं दार हव्या त्या गावात नेऊन बसवेल आणि नोकरी मागेल. बाई चांगली असेल, पोहेही चांगले असतील, पण कोर्टाने कीव करून नियम वाकवायचे का?" दोन-तीन जण माना हलवायला लागले. मॅडमनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "छान." कालच्या भांडणानंतरचा त्यांचा पहिला शब्द. मी खाली बसले आणि टेबलाखाली दोन्ही हात मांड्यांवर दाबून धरले. माझ्या आईच्या विरुद्ध मी उत्तम युक्तिवाद केला होता.

काकांनी टाचणी काढली. पानं उलटून वाचायला लागले आणि चार-पाच ओळींतच त्यांचा आवाज बदलला. सेविका गावातलीच असावी, हा नियम कशासाठी आहे, असं कोर्टाने विचारलं होतं. तिने भाकरी कुठे भाजावी हे ठरवण्यासाठी नव्हे. एखाद्या बाईला दिवस भरत आले, एखादं पोर तापाने फणफणलं, तर त्या घरच्या माणसाला धावत जाऊन हाक मारता यावी यासाठी. मग ती हाक जिथे मारतात ते दार कोणत्या गावात आहे? जुन्याच गावात. इतक्या वर्षांत त्या दारावर हाक मारली आणि ते उघडलं नाही, अशी एकही तक्रार रेकॉर्डवर नाही. बाई गाव सोडून गेलेली नाही. हद्द तिच्या घरात शिरली, त्यात तिचा दोष नाही.

"याचिका मंजूर," काका म्हणाले. "चार आठवड्यांच्या आत कामावर परत घ्यावे."

त्यानंतर मी काय केलं हे मला लोकांनी सांगितलेलं आहे. मी म्हणे खुर्चीवर चढले. म्हणे मॅडमच्या गळ्यात पडले आणि त्यांचा चष्मा खाली पाडला. ओरडले ते मात्र मला आठवतंय. "ती माझी आई आहे!" म्हणून ओरडले. क्षणभर कुणाला काही समजेना. कचोरीवाले वकील म्हणाले, "कोण? न्यायमूर्ती?" मग बाईंनी पहिल्या पानावरचा कोरा कागद ओढून काढला, नाव वाचलं, माझं आडनाव वाचलं, आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

मग जो गोंधळ झाला! कुणी माझी पाठ थोपटतंय, कुणी डबे उघडून माझ्या तोंडात काहीबाही कोंबतंय. चटणी, शिरा, लोणच्याची फोड, सगळं एकदम. निफाडचे वकील टेबल बडवत होते. काका तेवढे बसून होते. ते म्हणाले, "अगं, आणि तू तिच्याविरुद्ध बोललीस?" मग स्वतःच हसायला लागले आणि खोकला येईपर्यंत हसले. "पुढच्या शनिवारी पोहे," असा त्यांनी निकाल दिला. "आणि ओसरीवर बसून!"

मी बाहेर व्हरांड्यात पळाले आणि आईला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. पाच वेळा लावला. व्हरांड्यात तारखेला आलेली माणसं बसली होती, ती माझ्याकडे संशयाने बघत होती, कारण मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आदल्या संध्याकाळी आई फोनवर म्हणाली होती की ती दिवसभर घरीच होती, मूग निवडत. मग आता फोन का उचलत नाही? मी कठड्याला टेकून उभी राहिले. वीस मिनिटांनी तिचा फोन आला.

"काय गं, एवढे फोन? कोन गेलं?"

"कोणी नाही गेलं. आई, निकाल लागला. तू जिंकलीस."

तिकडे मागे कसली तरी घरघर चालली होती.

"कोन म्हनलं?"

"आत्ता वाचला इथे सगळ्यांसमोर. चार आठवड्यांत कामावर घ्या म्हणून लिहिलंय. तुझं दार गावातच आहे म्हणून लिहिलंय कोर्टाने!"

"सगळ्यांसमोर वाचला?" मग एकदम दबक्या आवाजात, "पोह्याचं बी वाचलं का?"

"पोह्यांचं तर तीनदा वाचलं."

"अगं बया!" ती म्हणाली, आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो की व्हरांड्यातला एक म्हातारा उगाचच आमच्यासोबत हसायला लागला. मी तिला सगळं सांगत सुटले, चिठ्ठ्या, टाळ्या, सोळा लोक मंजूर म्हणाले ते. बोलण्याच्या भरात सांगून बसले.

"सोळा व्हय? आन बाकीचे?"

"तिघं फेटाळलं म्हणाले."

"कोन ते मेले?"

मी गप्प. आईला माझं गप्प बसणं मी जन्मल्यापासून वाचता येतं.

"तू?" ती म्हणाली.

"आई, मला भीती वाटली गं."

मागची घरघर तेवढी ऐकू येत होती आणि मधेच कुणीतरी बाई कुणाला तरी टोपी नीट घाल म्हणून ओरडत होती. मला आता तिने काहीतरी बोलावं एवढंच हवं होतं, रागावली असती तरी चाललं असतं. ती बोलेना म्हणून मीच विचारलं, "कसला आवाज येतोय? कुठंय तू?"

"कुठं नाय."

"आई."

"पिंपळगावला हाय," ती म्हणाली. "द्राक्षाच्या पॅकहाऊसला. सोमवारपासून येती. आत फोन नेऊ देत नाय, भायेर ठेवावा लागतो."

"सोमवारपासून? आणि मूग निवडत होतीस ते?"

"मग काय सांगू? दोन वर्षं झाली. मला बी वाटलं, नाय जमायचं आता. आले आन नाव लिवून दिलं. तुला सांगितलं असतं तर तू म्हनली असती, आई हारली. तू आज चिठ्ठी लिवली ना? मी सोमवारीच लिवून बसली व्हती."

दोन वर्षं मी समजत होते की माझी आई घाबरत नाही आणि मी घाबरते.

"रडू नको," ती म्हणाली. "मी कुठं रडती? चल, ठेवते, सुपरवायझर बघतोय. दोन पेट्या राह्यल्यात माझ्या, तेवढ्या भरते आन त्याला सांगते, सोमवारपासून यायची नाय म्हनून. हितं कुनाला म्हाईतच नाय गं मी कोन ते. आता सांगते, मी अंगणवाडीची बाई हाय."